करपा आणि कोळी : एका जोडप्रकल्पाच्या नोंदी

९ जुलै २०२४

लावणीसाठी घरी आले आहे. वरच्या खाचराच्या उभ्या बांधात दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं भोक दिसलं. तोंडाला पांढऱ्या रेशमाचं अस्तर, त्यावर मातीचे कण चिकटलेले. मोबाइलचा उजेड टाकला तर आत दोन केसाळ पाय मागे सरकले. टॅरेंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी. काडी शोधायला वाकले तर आबा चिखलातूनच ओरडले, "घालू नको गं काडी. तीन-चार वर्षं झाली, तिथंच आहे ती." 'ती' कशावरून, विचारलं. म्हणाले, "घर सोडत नाही म्हणून."

आबा प्राणिशास्त्र शिकलेले नाहीत, पण उत्तर बरोबर आहे. नर वयात आला की बीळ सोडून मादीच्या शोधात भटकतो. मादी वर्षानुवर्षं त्याच बिळात असते.

त्याच बांधाच्या खाली तरवा, लावणीची भाताची रोपं. त्यातल्या एका कोपऱ्यावर करपा पडलाय, भातावरचा बुरशीचा रोग. दोन्ही टोकांना निमुळते, डोळ्यासारखे ठिपके, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. खालच्या दोन खाचरांत घनसाळ भात आहे, तो अजून स्वच्छ आहे. दहाबारा पानं वर्तमानपत्रात दाबून घेतली. कशाला ते अजून ठरलेलं नाही.

१५ जुलै

दाबलेली पानं रूममेटला दिली, ती वनस्पतिशास्त्राला आहे. तिनं ती बघितली आणि बिळाचा फोटोही बघितला. मग म्हणाली, दोन्ही मिळून प्रकल्पाचा एकच विषय करूया का? दोघींचाही विषय ठरलेला नव्हता, तारीख मात्र उद्याची.

मार्गदर्शक सरांची पहिली प्रतिक्रिया: "बुरशी आणि कोळी? पुढच्या वर्षी ढब्बू मिरची आणि रेल्वे इंजिन घ्या." दुसऱ्या मार्गदर्शक मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, भात, करपा आणि कोळी या तिघांत जवळचे नातेवाईक कोण? मी पटकन म्हणाले, भात आणि करपा. चुकलं. प्रथिनांच्या अनुक्रमांची तुलना करून बाल्डॉफ आणि पामर यांनी १९९३ मध्येच दाखवलं की प्राणी आणि बुरशी एकमेकांचे सर्वांत जवळचे भाऊबंद आहेत आणि वनस्पतींची शाखा त्याच्या कितीतरी आधी फुटली. म्हणजे आबांच्या खाचरात परका एकच, तो भात. बाकीचे दोघे चुलत-चुलत का असेना, एका घरचे.

सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ठीक आहे. पण सारखेपणा दिसला की लगेच नातं जोडायचं नाही. प्रत्येक वेळी विचारायचं, हे वारशानं आलंय की दोघांनी आपापलं कमावलंय?" हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

अर्जावर 'विभाग' अशी एकच चौकट आहे. कारकून म्हणाले, एकच खूण करा. रिकामी सोडली.

२५ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. पंचगंगा धोक्याच्या पातळीवर आहे, रस्ते बंद. वसतिगृहातच बसून वाचन.

करप्याच्या बुरशीला आता बऱ्याच लेखांत मॅग्नापोर्थे ओरायझी म्हणतात. जुन्या पुस्तकांत पायरिक्युलॅरिया ओरायझी आहे, मधल्या काळातल्या पुस्तकांत मॅग्नापोर्थे ग्रिसिया. २००२ मध्ये भातावरची जात ग्रिसियापासून वेगळी काढली गेली. भारतात हा रोग १९१३ मध्ये नोंदला गेला आणि १९१९ मध्ये तंजावरच्या त्रिभुज प्रदेशात त्याची मोठी साथ आली. २०१२ मध्ये बुरशीतज्ज्ञांकडून मतं घेऊन वनस्पतिरोगकारक बुरश्यांची पहिल्या दहांची यादी केली, तिच्यात हीच पहिली आली. रूममेटला याचा अभिमान वाटतोय. कशाचा, ते तिलाच ठाऊक.

३ ऑगस्ट

आबांचा फोन: "तुझ्या बाईनं कपडे बदलले." बिळाच्या तोंडाशी कात बाहेर टाकलेली सापडली. भावानं ती पेढ्यांच्या खोक्यात कापूस घालून एसटीनं पाठवली. स्टँडवरून खोकं सोडवून आणलं तेव्हा वसतिगृहातल्या मुली पेढे समजून धावल्या. नंतर दोन दिवस कुणी आमच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

६ ऑगस्ट

कात भिजवून उलगडायलाच पूर्ण सकाळ गेली. कोरडी असताना बोट लागलं तरी तुटते. ताटलीत कोमट पाणी, त्यात साबणाच्या द्रावणाचा एक थेंब, आणि दीड तास हात बांधून बसणं. मग पाय एकेक करून सैल होतात, ओल्या चहापत्तीसारखे. सगळं आहे तिथं: पायांवरचा केस न् केस, डोळ्यांच्या जागी आठ पारदर्शक भिंगं, काळेभोर सुळे. सुळे एकमेकांना समांतर, खाली वळलेले. घरातल्या कोळ्याचे चिमट्यासारखे समोरासमोर येतात, हिचे कुदळीसारखे वरून खाली बसतात.

पोटाची कातडी तेवढी चुरगळलेली. ती पाण्यात पसरून आतल्या बाजूनं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर पुस्तक-फुप्फुसांच्या (पानापानांच्या श्वसनेंद्रियांच्या) पांढऱ्या चार पट्ट्या दिसल्या आणि वरच्या दोहोंच्या मध्ये शुक्रकोशाचे, म्हणजे मादी नराचं बीज साठवते त्या पिशवीचे, दोन उंचवटे. मादी. घरी फोन करून सांगितलं. आबा म्हणाले, "मी काय वेगळं सांगितलं होतं?"

भावानं बिळाशी रात्री काढलेल्या फोटोत पोटावर वाघासारखे पट्टे दिसतात. वर्णन चायलोब्रॅकिस फिम्ब्रिएटसशी जुळतं. ही जात पोकॉक यांनी १८९९ मध्ये नोंदवली, पश्चिम घाटातली. सरांनी आमच्या नोंदीत 'बहुधा' हा शब्द घालायला लावला, आणि तो अहवालातही राहणार. जिवंत कोळी आणायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. कात आणि निरीक्षण, बस्स.

११ ऑगस्ट

करप्याची पानं ओल्या टिपकागदावर पेट्रीडिशमध्ये रात्रभर ठेवली. सकाळी ठिपक्यांवर राखाडी लव आली. ती थेंबभर पाण्यात झटकली. बीजाणू नासपतीच्या आकाराचे, आत दोन पडदे, म्हणजे तीन पेशी.

प्रयोग साधा: एक थेंब स्वच्छ काचेवर, एक थेंब प्लॅस्टिकवर. प्लॅस्टिक म्हणून विभागाच्या कपाटात पडून असलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या शीट घेतल्या. एकीवर कुणीतरी निळ्या पेननं क्रेब्ज चक्र काढलेलं होतं, ते स्पिरिटनं पुसलं. बीजाणूला भाताचं पान 'कळतं' ते मुख्यतः पृष्ठभागावरून: टणक, मेणचट, पाणी न धरणारं. प्लॅस्टिकही तसंच असतं. त्यामुळे तो फसतो.

दुपारी दोनला थेंब ठेवले. चारच्या सुमारास बीजाणूंच्या टोकाला नळी फुटली. सहापर्यंत प्लॅस्टिकवरच्या नळ्यांची टोकं फुगू लागली. काचेवरच्या नळ्या मात्र वाट चुकल्यासारख्या नुसत्या लांबत गेल्या.

१२ ऑगस्ट

पहाटे पाचला चावी मागितली म्हणून प्रयोगशाळेच्या मामांनी बरंच सुनावलं. पण वेळेवर बघायला मिळालं. प्लॅस्टिकवर नळीच्या टोकाशी गोल, काळपट घुमट बसलेत, जेमतेम दहा मायक्रॉनचे. पुस्तकात त्याला अप्रेसोरियम म्हणतात, आम्ही घुमटच म्हणतो. ज्या बीजाणूनं तो बांधला, तो स्वतः रिकामा होऊन चिपाडासारखा पडलेला. त्यातलं सगळं घुमटात ओतलं गेलं.

घुमटाच्या भिंतीत आतून मेलॅनिनचा, म्हणजे काळ्या रंगद्रव्याचा, थर असतो. त्यातून पाणी जातं, पण ग्लिसरॉल बाहेर पडू शकत नाही. बुरशी आत ग्लिसरॉल साठवते, पाणी आत घुसत राहतं, घुमट ताणत जातो, आणि त्या दाबानं तळाशी एक बारीक सुळा पानाच्या सालीतून आत ठोकला जातो.

२० ऑगस्ट

किती दाब? हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तो सुमारे ८ मेगापास्कल काढला. १९९७ मध्ये दुसऱ्या गटाला घुमटात ग्लिसरॉल ३ मोलरच्याही वर सापडलं. मला दोन्ही आकडे एकमेकांना भेटतात का बघायचं होतं. बारावीचं परासरण दाबाचं सूत्र, तीव्रता गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान: ३.२ गुणिले ८.३१४ गुणिले २९८. उत्तर ७,९२८ किलोपास्कल. म्हणजे जवळजवळ ८ मेगापास्कल! बारावीत हे सूत्र पाठ करताना माझ्या डोळ्यांसमोर भाताचं पान एकदाही आलं नव्हतं.

कारच्या टायरमध्ये साधारण ०.२२ मेगापास्कल हवा असते. कुकरची शिट्टी वाजते ती ०.१ च्या आसपास.

आम्हीही घुमटांवर ग्लिसरॉलची वाढत्या तीव्रतेची द्रावणं घालून बघितली. एक मोलरला बहुतेक घुमट ठणठणीत. तीनला निम्म्याहून जास्त दबून वाटीसारखे झाले. मोजणी दोघींनी वेगवेगळी केली, आकडे जुळले नाहीत. 'दबला' कशाला म्हणायचं हे आधी ठरवायला हवं होतं. परत करणार.

मग रूममेटनं आबांच्या कपाटातली ट्रायसायक्लॅझोलची पुडी आठवून दिली. हे औषध बुरशीला मारत नाही, तिचं मेलॅनिन बनणं थांबवतं. त्याचा अंश घातलेल्या थेंबात घुमट आले, पण पारदर्शक, साबणाच्या फुग्यासारखे. कांद्याच्या पापुद्र्यावर ठेवले तर एकही आत शिरला नाही. शेजारच्या काळ्या घुमटांखाली मात्र दुसऱ्या दिवशी धागे दिसत होते.

२९ ऑगस्ट

आता कोळीणबाईंची पाळी. कोळ्याच्या पायात, मांडी-गुडघ्याच्या आणि नडगीच्या पुढच्या अशा दोन सांध्यांत, पाय सरळ करणारा स्नायूच नसतो. मिटायला आहे, उघडायला नाही. पाय उघडतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबानं. म्हणूनच मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पडतो: दाब गेला, मिटवणारे स्नायू तेवढे राहिले.

भिजवलेल्या कातेचा तिसरा पाय मुळाशी कापला, त्यात बारीक सुई घालून दोऱ्यानं बांधली आणि सिरिंजनं पाणी सोडलं. पाय उठला. खरंच उठला, गुडघ्यापासून, सावकाश, झोपेतून कुणी हात लांबवावा तसा. रूममेट किंचाळली. दट्ट्या मागे घेतला की खाली, पुढे केला की वर. चार वेळा केलं. पाचव्यांदा मी जोर जास्त लावला आणि सांध्याच्या पातळ पडद्यातून पिचकारी थेट सरांच्या चष्म्यावर. सर चष्मा पुसत म्हणाले, "नोंद करा. सांधा हा कमकुवत दुवा."

पॅरी आणि ब्राउन यांनी १९५९ मध्ये घरातल्या जातीच्या कोळ्यावर हा दाब मोजला होता: शांत असताना पाऱ्याचे ५० मिलिमीटर, जोर लावताना क्षणभर ४०० पर्यंत. आपला रक्तदाब १२०. ४०० म्हणजे ५३ किलोपास्कल. करप्याच्या घुमटातला दाब त्याच्या दीडशे पट. तळहाताएवढा प्राणी आणि डोळ्यांना न दिसणारा बीजाणू, आणि कुस्ती एकतर्फी!

सरांनी लगेच लगाम घातला. दाब म्हणजे बळ नव्हे. घुमटाचा दाब मायक्रॉनभर जागेवर आहे, कोळीण अख्खं शरीर उचलते. बाभळीचा काटा बैलाच्या खुरापेक्षा लवकर पायात घुसतो, म्हणून काटा बैलापेक्षा ताकदवान ठरत नाही. शिवाय कोळीण भक्ष्यात सुळे घुसवते ते स्नायूंनी, दाबानं नव्हे. म्हणजे 'दोघेही दाबानं भोसकतात' हा मी रंगवलेला परिच्छेद गेला. वाईट वाटलं, छान जमला होता.

१२ सप्टेंबर

गणपतीसाठी घरी. आरती झाली की रोज रात्री बांधावर. कोळ्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही म्हणून बॅटरीला लाल जिलेटिन लावलंय.

पहिल्या दोन रात्री नुसते पावलांचे चार शेंडे बिळाच्या ओठावर. तिसऱ्या रात्री सव्वानऊला एक रातकिडा रेशमावरून गेला आणि काही कळायच्या आत रातकिडा नव्हता. हालचाल दिसलीच नाही, आधीचं आणि नंतरचं तेवढं दिसलं. आतून बारीक करकर आली. काल चुलतभावानं माझ्या नकळत काडी घातली तेव्हा वेगळा, फसफसल्यासारखा आवाज आला होता. सुळ्यांचा भाग आणि शेजारच्या स्पर्शपादांचं मूळ एकमेकांवर घासून ही कोळीण तो आवाज काढते. चुलतभाऊ आता बांधाकडे फिरकत नाही.

सकाळी बिळाखाली चघळून टाकलेल्या सुपारीसारखी गोळी सापडली. कोळी घास चावून गिळत नाही, पाचकरस भक्ष्यावर ओततो आणि पातळ झालेलं शोषतो. राहतो तो चोथा. करपाही हेच करतो: विकरं (एन्झाइम) बाहेर सोडायची, पान जागीच विरघळवायचं, रस आत ओढायचा. मोठा सारखेपणा, पण वारसा नव्हे. बुरश्यांत सर्रास आहे, बहुतेक प्राण्यांत नाही. कोळ्यांनी तो स्वतंत्रपणे कमावला.

२४ सप्टेंबर

कायटिनची चाचणी. कोळिणीची कात आणि करप्याची भिंत या दोघांत असलेला हा खरा समाईक माल. कायटिन म्हणजे साखरेच्या कणांचा चिवट धागा, आणि साखर अशी धाग्यांत विणायची ही कला प्राणी आणि बुरशी यांच्या समाईक पूर्वजापासून आलेली. म्हणजे इथं सरांच्या प्रश्नाचं उत्तर 'वारसा'.

गंमत म्हणजे हा पदार्थ आधी बुरशीत सापडला. १८११ मध्ये ब्राकोनो यांनी अळिंबांतून तो वेगळा केला. नाव मात्र १८२३ मध्ये ओदिए यांनी कीटकांच्या कवचावरून ठेवलं. दोनशे वर्षांपूर्वीच विभागांची अदलाबदल झालेली.

संपृक्त पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये १६० अंशांना तापवायचं असल्यानं ते काम मॅडमनी स्वतः केलं, आम्हाला दारापाशी उभं केलं. धुऊन आयोडीन, मग सौम्य गंधकाम्ल. कातेचा तुकडा दोन मिनिटांत जांभळा, गडद, पैठणीच्या काठासारखा. बुरशीचा गोळा पहिल्यांदा नुसता तपकिरी. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मेलॅनिन नसलेला कोवळा भाग घेतला तेव्हा कडेला फिकट जांभळी झाक आली. फोटोत ती येत नाही. मॅडम म्हणाल्या, फोटो रंगवायचा नाही, 'फिकट' असंच लिहा.

भातालाही कायटिन ओळखता येतं. त्याच्या पेशींवर त्यासाठी ग्राहक प्रथिन आहे, २००६ मध्ये सापडलेलं. कायटिनचे तुकडे लागले की भात सावध होतो, कारण ते त्याच्या स्वतःच्या अंगात कुठेच नसतं. करपा हे जाणून असल्यासारखा वागतो: पानावर उतरताना भिंतीतलं कायटिन बदलून कायटोसान करतो आणि सुटलेले तुकडे गिळायला एक प्रथिन सोडतो. बाजारात कोळंबीच्या सालीपासून केलेलं कायटोसान पिकाला सावध करायला फवारतात, ते याच पायावर. कोळंबी म्हणजे पुन्हा कोळ्याचीच लांबची भावकी.

५ ऑक्टोबर

तक्ता पुन्हा मांडला. आधी 'साम्य' आणि 'फरक' असे दोन रकाने होते, आता 'वारसा', 'स्वतंत्र कमाई' आणि 'आमचा भ्रम' असे तीन आहेत. तिसऱ्यात सध्या सर्वांत जास्त नोंदी. मेलॅनिनची नोंद तीनदा जागा बदलून आली. कोळ्यांत मेलॅनिन नसतंच असं बरीच वर्षं मानत, २०१५ मध्ये ते सापडलं. पण आमच्या कोळिणीचा काळेपणा कशाचा, हे आम्ही तपासलेलं नाही, म्हणून तिची ओळ काढली.

करप्याचा जनुकसंच २००५ मध्ये वाचला गेला, सुमारे ४ कोटी डीएनएची अक्षरं. एका टॅरेंटुलाचा कच्चा आराखडा २०१४ मध्ये आला, ६ अब्जांहून जास्त. म्हणजे साधारण दीडशे पट. दाबात करपा दीडशे पट, मजकुरात कोळीण दीडशे पट. रूममेटला हे मुखपृष्ठावर हवं होतं. सरांनी न बोलता तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवलं.

१९ ऑक्टोबर

घरून वाईट बातमी. वरच्या खाचरात मानमोडी, म्हणजे मानेवरचा करपा. लोंबीच्या मानेवर काळा पट्टा, वर सगळं पळंज, दाणाच नाही. भावानं ऑगस्टात युरिया जरा सढळ हातानं टाकला होता, नत्र जास्त झालं की करप्याचं फावतं. आबा म्हणाले, ठिपके दिसल्याबरोबर औषध मारलं होतं, काही झालं नाही. मी फोनवर बरंच काही सांगायला लागले, त्यांनी "घरी आल्यावर" म्हणून ठेवून दिला.

२२ नोव्हेंबर

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, हा प्रकल्प नक्की कुठल्या विभागाचा? रूममेट म्हणाली, "सर, भाताला विचारलं तर दोघेही पलीकडच्या घरचे." त्यांनी सिरिंजचा पाय स्वतः तीनदा वरखाली करून बघितला आणि मोजणीतल्या तफावतीवर वीस मिनिटं घेतली. ते योग्यच होतं. चौकटीवर शेवटी दोन्ही विभागांचे शिक्के पडले, एकावर एक.

३० नोव्हेंबर

मळणी झाली. वरच्या खाचराचं भात निम्म्याला आलं. रात्री आबांना फोनवरचे फोटो दाखवले, आधी काळा घुमट आणि मग पारदर्शक. औषध घुमटाला काळा होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. सुळा आत गेल्यावर त्याला करण्यासारखं काही उरत नाही. मानेसाठी मारायचं तर लोंब बाहेर पडायच्या आधी, पोटरीत असताना.

आबांनी पारदर्शक घुमटाचा फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग भावानं आजच आणलेली नव्या वर्षाची दिनदर्शिका घडी मोडून उघडली, सप्टेंबरच्या पानावर गेले आणि तिसऱ्या आठवड्याभोवती पेन्सिलीनं गोल केला. "युरियाचं पण लिही," म्हणाले, "तुझ्या भावाला दिसेल असं. मोठ्या अक्षरात."